मापाचा गणवेश

शीव-पनवेल महामार्गालगतचे शिरवणे हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. एका अंगाने सिडकोच्या नव्या नगराने आणि दुसऱ्या अंगाने ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याने ते वेढले गेले, आणि आज सकाळी येथून शाळेकडे निघणाऱ्या मुलांत भूमिपुत्रांच्या नातवंडांबरोबर कारखान्यांतील कंत्राटी कामगारांची, नाक्यावरच्या मजुरांची आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीही मुले असतात. अशा वस्तीत गणवेशाची सक्ती असावी काय, या प्रश्नास माझे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे; कारण कोणाच्या अंगावर कोणत्या भावाचे कापड आहे, याचा हिशेब मुले फार लवकर करू लागतात, आणि तो निदान शाळेच्या वेळेपुरता थांबविण्याचे सामर्थ्य एका साध्या सदऱ्यात आहे. मात्र जो सक्तीचा हुकूम काढतो, त्यानेच तो सदरा मुलाच्या हाती वेळेवर आणि त्याच्या मापाचा दिला पाहिजे. एरवी त्या सक्तीचा भार नेमका दुर्बळाच्याच माथी येतो.

समग्र शिक्षा अभियानात दोन गणवेशांसाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे ६०० रुपयांची तजवीज आहे. परंतु केंद्राच्या या निकषात सर्व मुली आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलगेच बसत असल्यामुळे एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकास गणवेश मिळे आणि दुसरा पाहत राही. हा भेद राज्य शासनाने २०२३ साली उरलेल्या मुलांनाही मोफत गणवेश देऊन दूर केला, ही गोष्ट मोकळ्या मनाने वाखाणण्याजोगी होय.

त्याच सुमारास तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना मांडली. शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या चाळीस लाखांहून अधिक मुलांना एकसारखा वेश मिळावा, हा तिचा हेतू. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्यस्तरावर झाली, शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेले, आणि दुसऱ्या, म्हणजे स्काउट-गाइड धर्तीच्या गणवेशाचे कापड शाळांकडे पाठवून शिलाई व आनुषंगिक खर्चापोटी ११० रुपये ठरविण्यात आले. बचत गटांतील स्त्रियांना काम मिळावे, हा विचार उत्तमच होता. परंतु एवढ्या मुलांची मापे मंत्रालयातून घेता येत नाहीत. जूनमध्ये शाळा भरल्या, पावसाळा सरत आला, तरी असंख्य मुलांच्या अंगी गणवेश चढला नव्हता. ज्यांना मिळाला त्यांपैकी कित्येकांना तो सैल किंवा तोकडा झाला. आणि ११० रुपयांत शिंपी मिळत नाही, अशी तक्रार ठिकठिकाणच्या शाळांनी केली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरविला आणि गणवेशाचा अधिकार पुनश्च शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपविला.

शिरवणे ज्या हद्दीत येते त्या नवी मुंबई महानगरपालिकेने वेगळी वाट धरली. पालकांनी आधी खरेदी करावी, पावती द्यावी आणि मग रक्कम बँकखात्यात यावी, या जुन्या पद्धतीत रोजंदारीवरच्या बापाची फार ओढाताण होई. म्हणून पालिकेने ई-रुपीचा अवलंब केला. पालकाच्या मोबाइलवर येणारे हे डिजिटल अधिकारपत्र ठरावीक दुकानी, ठरावीक कारणासाठीच वटते. पदरचे पैसे आधी घालावे लागत नाहीत आणि मुलाला दुकानात उभे करून माप पाहता येते. ते शाळा उघडण्यापूर्वी हाती पडले, तरच त्याचा खरा उपयोग.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. मुलाची उंची वर्षाकाठी किती वाढते, कोणते कापड धुण्यात विरते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. त्यांनी एप्रिलात, सुटी लागण्यापूर्वीच, मापे घ्यावीत, शासनाने रक्कम मे महिन्यात समितीच्या खात्यात जमा करावी, आणि गणवेश मिळेपर्यंत कोणत्याही मुलाला साध्या कपड्यांवरून वर्गाबाहेर उभे करू नये, असा लेखी आदेश प्रत्येक मुख्याध्यापकाच्या दफ्तरी असावा.