हलकी म्हणजे नेमकी किती हलकी?

लेखमाला : जुन्या लॅपटॉपचं दुसरं आयुष्य – भाग चौथा

मागच्या आठवड्यात आपण लॅपटॉप उघडून पंख्यातली धूळ काढली, रॅमचे खण पाहिले, हार्ड डिस्कची तब्येत तपासली. आता त्या यंत्रावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची, हा प्रश्न. हा भाग मी नंदिगड्डे डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातलं हे गाव जंगल आणि सुपारीच्या बागांमधलं. या भागातल्या माणसाच्या तोंडी कोकणी, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषा असतात. पाऊस लागला की वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि मोबाईलची रेंज घरात नसली तर अंगणाच्या कोपऱ्यात शोधावी लागते. लॅपटॉप बिघडला तर दांडेली किंवा कारवार गाठायचं, म्हणजे एक दिवस गेलाच. हलक्या लिनक्सबद्दल जे सल्ले सर्वत्र वाचायला मिळतात ते लिहिणाऱ्याच्या घरी इंटरनेट अखंड असतं. म्हणून इथे निवड वेगळ्या बाजूने करायला हवी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप या दारातून आत जाऊच शकत नाहीत. विंडोज ७ चा पाठिंबा तर जानेवारी २०२० मध्येच संपला, आणि फेब्रुवारी २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्याही तिच्यावर चालत नाहीत. अशा लॅपटॉपची यंत्रसामग्री धडधाकट असते, कीबोर्ड चालतो, पडदा स्वच्छ असतो. बाद झालेलं असतं ते आतलं सॉफ्टवेअर. एवढ्याच कारणासाठी शिकणाऱ्या मुलाच्या हातातलं यंत्र भंगारात जावं, हे मला मान्य नाही.

ओपन सोर्सच्या जगात पर्याय भरपूर आहेत आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘सर्वात हलकी लिनक्स कोणती?’ असं विचारलं की पपी, टायनी कोअर, अँटीएक्स, बोधी, लुबंटू अशी डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांची, नावं समोर येतात. टायनी कोअरची डेस्कटॉप असलेली सर्वात लहान प्रत वीस-पंचवीस एमबीच्या आसपास असते. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण हलकेपणा मोजायची ही पट्टीच चुकीची आहे.

चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर जागा जाते कुठे, ते पाहू. लिनक्सचा गाभा त्यातली फारच थोडी जागा घेतो. त्यावर डेस्कटॉप असतो, म्हणजे खिडक्या, मेनू, फायलींची कपाटं. आइसडब्ल्यूएमसारखा साधा खिडकी-व्यवस्थापक असलेली अँटीएक्स सुरू होऊन स्थिर झाली की ढोबळमानाने दोनशे-तीनशे एमबीत बसते. एक्सएफसीई डेस्कटॉप असलेली लिनक्स मिंट सातशे-आठशे एमबी घेते. फरक झाला अर्ध्या जीबीचा. आता ब्राउझर उघडा. बातम्यांचं एक पान, एक व्हिडिओ, एक सरकारी अर्ज, मेल, एवढ्यात एक जीबी सहज ओलांडला जातो, कधी दीडही. म्हणजे डेस्कटॉप बदलून वाचवलेली जागा ब्राउझरच्या दोन-चार टॅबमध्ये संपते. जुना लॅपटॉप अडखळतो तो मुख्यतः इथे.

यातून माझं मत असं झालं आहे : चार जीबी रॅम असेल तर सर्वात हलकीच्या मागे लागू नका. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा एमएक्स लिनक्स घ्या. मिंटची २२ वी मालिका उबंटूच्या २०२४च्या दीर्घकालीन आवृत्तीवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. तोवर पुन्हा सगळं बसवायला लागत नाही. दुकान दूर असलेल्या घरात या एका गोष्टीचं मोल अर्ध्या जीबी रॅमहून जास्त आहे. शिवाय मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या कोपऱ्यात. विंडोज वापरलेल्या माणसाला समजावून सांगायला फारसं काही उरत नाही. घरातल्या एकालाच येतं आणि तो शिकायला हुबळीला गेला की यंत्र बंद, असं होता कामा नये.

दोन जीबी असेल तर हिशेब बदलतो. मिंटची किमान मर्यादा दोन जीबी लिहिलेली असते खरी, पण त्या मर्यादेवर रोज काम करणं त्रासाचं आहे. इथे एलएक्सक्यूटी डेस्कटॉपची लुबंटू किंवा सरळ अँटीएक्स बरी. सोबत झेडरॅम सुरू करा. ही सोय रॅममधला माल रॅममध्येच दाबून ठेवते, त्यामुळे हार्ड डिस्कवर सारखी धाव घ्यावी लागत नाही. दोन जीबीच्या यंत्रावर फरक लगेच जाणवतो. आणि खण रिकामा असेल तर जुनी दोन किंवा चार जीबीची डीडीआर३ पट्टी मिळवा. फिरती हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी घाला. या दोन वस्तू कोणत्याही डिस्ट्रोपेक्षा जास्त वेग देतात. ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या लेखात हे लिहावं लागतं आहे, पण खरं तेच आहे.

एक जीबी किंवा त्याहून कमी असेल, किंवा हार्ड डिस्क कायमची गेली असेल, तिथे पपी लिनक्स कामाला येते. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी ती २००३ मध्ये आणली. पेनड्राइव्हवरून सुरू होऊन ती सगळीच्या सगळी रॅममध्ये जाऊन बसते आणि तिथूनच चालते. डिस्क नसलेल्या लॅपटॉपवर मुलाला टायपिंग शिकवायला, जुन्या डिस्कमधले फोटो बाहेर काढायला ती उत्तम. रोजच्या वापराला मात्र मी ती सुचवत नाही. सांभाळणारी माणसं थोडी आहेत, आणि तिच्यात नेहमीचं काम सर्वाधिकार असलेल्या खात्यातूनच चालतं. बँकेचे व्यवहार करणाऱ्या घरात हे नको.

निवडीपूर्वी प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट, ते पाहावं लागतं, आणि इथे एक सापळा आहे. दोन जीबी रॅमचे कितीतरी लॅपटॉप विकताना त्यांवर ३२-बिट विंडोज ७ घातलेली असे. आत प्रोसेसर मात्र ६४-बिट. विंडोजच्या सिस्टीम पानावर ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम’ एवढं वाचून माणसं यंत्र कमकुवत समजतात. त्याच पानावर प्रोसेसरचं नाव असतं, ते टिपा आणि त्याची माहिती तपासा. अस्सल ३२-बिट म्हणजे पेंटियम एम, पहिले कोअर ड्युओ, २००८च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकमधले अ‍ॅटम एन२७०. या यंत्रांसाठी वाट आता अरुंद होत चालली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या डिस्ट्रोमध्ये जुन्या ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलरच दिलेला नाही. डेबियन १२ ही त्या जातीची शेवटची. तिचा दीर्घकालीन पाठिंबा २०२८च्या मध्यापर्यंत आहे. फायरफॉक्सनेही ३२-बिट लिनक्सला निरोप दिला आहे. डेबियन १२ वर उभी असलेली अँटीएक्स २३ अशा यंत्रांना अजून साथ देते, पण या यंत्रांना इंटरनेटच्या कामापेक्षा लिहिणं, हिशेब, गाणी, वाचन एवढ्यावर ठेवावं.

हलक्या सिस्टीमची एक जुनी परीक्षा आपल्याच भाषेच्या मुलखात झाली होती. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैरात धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हातात पडले. या प्रकल्पाची भारतातली सुरुवातच तिथे झाली. त्या लॅपटॉपात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि हार्ड डिस्कऐवजी एक जीबीची फ्लॅश मेमरी होती. आज आपण ज्याला निकामी म्हणतो त्याच्याही कितीतरी खाली. तरी त्यावर फेडोरा लिनक्स आणि शुगर नावाचा मुलांसाठी घडवलेला डेस्कटॉप चालत असे. शुगरमध्ये प्रत्येक उपक्रम पूर्ण पडद्यावर उघडतो. एका वेळी एकच काम समोर. मुलांचं लक्ष राहावं हा हेतू होताच, पण थोड्या रॅमलाही ही रचना मानवणारी होती. चार-पाच उपक्रम एकदम उघडले की मात्र तोही लॅपटॉप गुदमरे, कारण मेमरी भरली की माल सारायला दुसरी जागा नव्हती. खैरातच्या त्या लॅपटॉपांपासून आपण घ्यायचं ते एवढं : मोजक्या रॅमवर एका वेळी एक काम नीट होतं. ब्राउझरचे दहा टॅब उघडे ठेवायची सवय सुटली, तर दोन जीबीचा लॅपटॉप आजही विद्यार्थ्याला पुरतो.

आता भाषा. नंदिगड्ड्यातल्या मुलीला अर्ज कन्नडमध्ये लिहायचा आहे आणि मावशीला पत्र मराठीत. लिनक्सवर यासाठी सहसा आयबस नावाची यंत्रणा सुचवली जाते. ती चांगली आहे, पण मागे सतत चालू राहते आणि थोडी जागा खाते. जुन्या यंत्रावर त्याहून साधी वाट आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांच्या यादीत ‘मराठी, कगप, ध्वन्यात्मक’ आणि तशीच ‘कन्नड, कगप’ अशी मांडणी तयार मिळते. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. कन्नडसाठी घडलेली ही मांडणी मराठी, हिंदी, संस्कृत यांनाही लागू केलेली आहे. ‘के’च्या कळीवर क, ‘जी’च्या कळीवर ग. एकदा बोटांत बसली की दोन्ही भाषा एकाच सवयीने लिहिता येतात, वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागत नाही. सीमेवरच्या घरासाठी याहून सोयीची मांडणी मला माहीत नाही. अक्षरं नीट दिसण्यासाठी लोहित फॉन्ट बहुतेक डिस्ट्रोंच्या भांडारात असतात. जुने दस्तऐवज नुडी किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर लिनक्सवर उघडल्यावर निव्वळ खुणांची रांग दिसेल.

काहींनी सिस्टीम बदलू नये, हेही सांगितलं पाहिजे. सेवा केंद्र चालवणाऱ्याकडे बोटांचे ठसे घेणारी यंत्रं, डिजिटल सहीची किल्ली असते. त्यांचे ड्रायव्हर बहुधा विंडोजसाठीच लिहिलेले असतात. प्रिंटरचंही तसंच. एचपीचे बरेच प्रिंटर लिनक्सवर सहज ओळखले जातात. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० ला मात्र कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं नवख्याचं काम नाही. प्रिंटरवर पोट असेल तर आधी तो चालतो का ते पाहा, मग निर्णय घ्या.

इंटरनेटची अडचण उरते. मिंटची फाइल अडीच-तीन जीबीची असते, अँटीएक्सची पूर्ण आवृत्ती दोन जीबीच्या आत. गावातल्या रेंजवर ती उतरवत बसू नका. दांडेलीला, बेळगावला किंवा गोव्याला कोणी जात असेल त्याच्याकडे पेनड्राइव्ह द्या, आणि फाइलसोबत तिचा पडताळणी-अंकही (चेकसम) आणायला सांगा. वाटेत फाइल अर्धवट राहिली असेल तर तो अंक जुळत नाही. जुन्या लॅपटॉपातलं ब्रॉडकॉमचं वायफाय-कार्ड अनेकदा लगेच चालत नाही. त्याचं फर्मवेअर इंटरनेटवरून आणावं लागतं आणि इंटरनेटसाठी वायफाय हवं, असा पेच होतो. यावर उपाय अँड्रॉइड फोन. फोन यूएसबी तारेने जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्स त्याला तारेचं नेटवर्क समजून लगेच ओळखते.

आणि एक बारीकशी बाब. बरीच वर्षं पडून असलेल्या लॅपटॉपात मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. प्रत्येक वेळी सुरू करताना तारीख मागे जाते, मग ब्राउझर म्हणतो की अमुक संकेतस्थळ असुरक्षित आहे, कारण त्याचं प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला लागू नसतं. माणसं सिस्टीमला दोष देतात. बॅटरी बहुधा सीआर२०३२ असते, स्वस्त असते. काही लॅपटॉपांत तिला तार जोडलेली असते, तेव्हा काढताना जपून.

बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून पाहायला विसरू नका. डिस्कला हात न लावता सिस्टीम सुरू होते. वायफाय, आवाज, टचपॅड, पडद्याचा उजेड कमीजास्त होणं आणि झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा जागं होणं, एवढं तपासा. पेनड्राइव्हवरून ती थोडी मंद वाटेल, त्यावर वेगाचा निकाल देऊ नका. चार जीबीच्या यंत्रावर मिंट आणि एमएक्स दोन्ही पाहा, दोन जीबीच्या यंत्रावर लुबंटू आणि अँटीएक्स. घरातल्या ज्या माणसाला संगणक सर्वात कमी येतो त्याला दोन्हींवर एक पत्र लिहायला द्या. त्याला जमेल ती ठेवा.

पुढच्या भागात प्रत्यक्ष बसवणं. त्याआधी फोटो, मार्कशीट, जमिनीचे उतारे, सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरा आणि ढग गडगडत नसतील असा दिवस निवडा. मधेच वीज गेली आणि बॅटरीने दगा दिला, तर अर्धवट बसलेली सिस्टीम पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते.