खाऱ्या पाण्याची पहिली टाकी : माशांच्या निवडीविषयीचे गैरसमज

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय प्रथमच उभारणारी व्यक्ती बहुधा रंग पाहून मासे निवडते, आणि दुकानातील एकाच टाकीत निरनिराळ्या जातींचे मासे बिनतक्रार पोहताना दिसत असल्यामुळे ते घरीही तसेच नांदतील असे गृहीत धरते. बहुतेक गैरसमजांचे मूळ याच गृहीतकात आहे. दुकानातील मासे तेथे थोडेच दिवस असतात, एखादा कोपरा आपला मानण्याइतकी उसंत त्यांना मिळत नाही, आणि विक्रीस येणारे बरेचसे मासे पूर्ण वाढलेले नसतात. घरच्या टाकीत स्थिरावलेला मासा मात्र खडकातील एखादी कपार ताब्यात घेतो आणि तिच्याभोवतीचा परिसर राखू लागतो. प्रवाळभित्तीवर अशा तंट्यात हरलेला मासा दूर निघून जातो. काचेच्या चार भिंतींत त्याला जायला जागाच नसते, त्यामुळे किरकोळ तंटाही जिवावर बेततो. म्हणून ‘ही जात शांत, ती भांडखोर’ एवढ्या वर्गवारीवर विसंबून चालत नाही. माशाचा पूर्ण वाढीचा आकार, त्याला लागणारा प्रदेश, त्याचा आहार आणि टाकीत येण्याचा क्रम या चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

गोड्या पाण्याच्या टाकीचा अनुभव येथे अनेकदा दिशाभूल करतो. निऑन टेट्रासारखे मासे थव्यानेच ठेवावेत हा तेथील नियम योग्य आहे, पण त्याच न्यायाने समुद्री मासेही घोळक्याने आणावेत असे मानणे चुकीचे आहे. हिरवट-निळ्या झाकेचे क्रोमिस मासे समुद्रात मोठ्या थव्यांनी राहतात. तथापि लहान टाकीत सोडलेल्या सात-आठ क्रोमिसपैकी प्रबळ मासा दुबळ्यांचा एकेक करून पिच्छा पुरवतो आणि कालांतराने एखाददुसराच शिल्लक राहतो, असा अनुभव वारंवार येतो. इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या परिसरात आढळणारा, रुपेरी अंगावर काळे पट्टे असलेला बांगाई कार्डिनल हा मासाही लहानपणी गटाने राहतो, परंतु गटात एक जोडी जुळली की ती उरलेल्यांना तग धरू देत नाही.

क्लाउनफिशच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय या माशाची खरेदी करू नये. क्लाउनफिश आधी नर म्हणून प्रौढ होतात. गटातील सर्वांत मोठा मासा मादी असतो, त्याच्याखालोखालचा मासा प्रजननक्षम नर असतो, आणि बाकीचे आकाराने व दर्जाने त्यांच्याखाली दबून राहतात. मादी मेली तर नराचे मादीत रूपांतर होते, मात्र मादीचा पुन्हा नर होत नाही. त्यामुळे दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एका टाकीत आल्या तर त्यांच्यात तडजोड होणे जवळजवळ अशक्य असते. एकाच जातीची, आकाराने थोडी लहानमोठी असलेली दोन पिल्ले आणली तर मोठे पिल्लू मादी होते आणि लहान पिल्लू नर म्हणून राहते. या काळात लहान मासा मोठ्यासमोर अंग तिरपे करून थरथरताना दिसतो. नवख्या पालकाला तो रोगाचा झटका वाटतो, पण ती शरणागतीची खूण असते आणि जोडी जुळत असल्याचे चांगले लक्षण असते.

‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट 2003 मध्ये प्रदर्शित झाल्यापासून क्लाउनफिश आणि सी अ‍ॅनिमोन म्हणजेच समुद्रपुष्प यांची सांगड सर्वांच्या मनात पक्की झाली आहे. निसर्गात शत्रूंपासून बचावासाठी या माशाला समुद्रपुष्पाच्या दंशपेशींचा आश्रय लागतो हे खरे असले, तरी जेथे शिकारी मासाच नाही अशा टाकीत त्याला तो अनिवार्य नसतो, आणि हॅचरीत जन्मलेल्या कित्येक क्लाउनफिशनी समुद्रपुष्प कधी पाहिलेलेही नसते. उलट समुद्रपुष्पाला तीव्र प्रकाश आणि कित्येक महिने स्थिरावलेले पाणी लागते. ते जागा बदलत सरकते, पंपाच्या तोंडाशी ओढले जाऊन चिरडते, आणि मेल्यावर कुजून संपूर्ण टाकीचे पाणी नासवते. पहिल्या टाकीत ते न आणणेच योग्य.

डॅमसेल मासे स्वस्त आणि चिवट असतात, म्हणून टाकी ‘तयार’ करण्यासाठी आधी तेच सोडावेत, हा सल्ला अजूनही दिला जातो आणि त्याने दुहेरी नुकसान होते. टाकी तयार होणे म्हणजे नायट्रोजन चक्र सुरू होणे : माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचे जिवाणूंच्या एका गटाकडून नायट्राइटमध्ये आणि पुढे दुसऱ्या गटाकडून तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर होणे. हे जिवाणू खडकांवर आणि वाळूत पुरेसे वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री टाकीतील पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 च्या आसपास ठेवला जातो, आणि पीएच जितका चढा तितका अमोनियाचा अधिक हिस्सा विषारी रूपात राहतो. त्यामुळे या काळात टाकीत ठेवलेल्या माशाच्या कल्ल्यांना अक्षरशः भाजल्यासारखी इजा होते. हे चक्र मासा न सोडताही, थोडेसे खाद्य किंवा अमोनियाचे द्रावण घालून आणि चाचणी संचाने पाणी तपासत राहून सुरू करता येते. शिवाय यातून वाचलेला डॅमसेल आता संपूर्ण टाकी आपली मानू लागलेला असतो. तीन पांढऱ्या ठिपक्यांचा काळा डोमिनो डॅमसेल दुकानात नखाएवढा दिसतो, पण तो सुमारे 14 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि नंतर आलेल्या प्रत्येक माशावर धावून जातो.

मासा टाकीच्या मापाने वाढतो हा समज सर्वांत क्रूर म्हणावा लागेल, कारण त्याची किंमत मासा अनेक महिने भोगत राहतो. खुजा राहिलेला मासा जागेशी जुळवून घेतलेला मासा नसतो. अपुरी जागा, दूषित पाणी आणि सततचा ताण यांनी त्याची वाढ खुंटलेली असते. निळ्या-पिवळ्या रंगाचा ब्लू टँग लहान असताना तळहातावर मावतो, परंतु त्याची पूर्ण लांबी सुमारे 30 सेंटिमीटर असते आणि तो दिवसभर लांब अंतर पोहणारा मासा आहे. त्याच्या कुळातील माशांना सर्जनफिश म्हणतात, कारण शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेच्या पात्यासारखा धारदार काटा असतो, आणि कोंडलेला टँग तो दुसऱ्या माशाच्या कुशीत ओढतो.

आकारात लहान म्हणजे स्वभावाने निरुपद्रवी, हेही खरे नाही. कॅरिबियन समुद्रातील रॉयल ग्रामा हा जांभळा-पिवळा मासा नवख्यांसाठी उत्तम समजला जातो. हुबेहूब त्याच रंगांचा पॅसिफिकमधील रॉयल डॉटीबॅक मात्र इतका आक्रमक असतो की लहान टाकीत तो इतरांना कपारीबाहेर डोके काढू देत नाही. दुकानात दोघांची गल्लत होते, म्हणून खरेदीआधी नीट निरखावे. डॉटीबॅकच्या अंगावर जांभळा आणि पिवळा रंग जणू रेघ ओढल्यासारखे वेगळे होतात, तर ग्रामामध्ये एक रंग दुसऱ्यात ठिपक्या-ठिपक्यांनी मिसळत जातो आणि पाठीवरच्या पराच्या पुढच्या भागात एक काळा ठिपका असतो.

आहाराचा विचार सहसा शेवटी होतो, तो आधी व्हायला हवा. लायनफिश किंवा कोकणात हेकरू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रुपरच्या कुळातील मासे भांडखोर नसतात, पण तोंडात मावेल तो मासा त्यांच्या दृष्टीने अन्नच असतो. याउलट मँडरिन ड्रॅगोनेट हा अतिशय देखणा मासा कोणालाही त्रास देत नाही, तरीही नव्या टाकीत तो उपाशी मरतो. खडकांवर वावरणारे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव तो दिवसभर टिपत असतो, आणि नव्या टाकीत ते पुरेसे निर्माण झालेले नसतात.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाविषयीही एक समज दूर करणे आवश्यक आहे. ठिपके नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला असे नव्हे, कारण परजीवी त्या वेळी माशाचे अंग सोडून वाळूत किंवा खडकावर कोश करतो, तेथे त्याची संख्या वाढते आणि नवी फौज पुन्हा मासे शोधू लागते. यावरील तांब्याचे औषध मुख्य टाकीत घातल्यास कोळंबी आणि इतर अपृष्ठवंशीय जीव मरतात. म्हणून नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

मुंबईच्या वाचकांसाठी दोन गोष्टी. चौपाटीवरून आणलेले पाणी ‘नैसर्गिक’ असले तरी किनाऱ्यालगत ते सांडपाण्याने दूषित असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते. शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मीठ मिसळून, रिफ्रॅक्टोमीटर या क्षारतामापकाने ती दर हजार भागांना 35 भाग राखणे अधिक सुरक्षित असते. दुसरी गोष्ट कायद्याची आहे : प्रवाळ आणि समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट आहेत, तेव्हा भारतीय समुद्रातून काढलेले प्रवाळ वा समुद्रघोडे विकत घेणे हा गुन्हा आहे. मासेही शक्यतो हॅचरीतले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र भारतातच विकसित केले आहे.

सुमारे 200 लिटरच्या टाकीसाठी क्लाउनफिशची एक जोडी, एक रॉयल ग्रामा, एक फायरफिश आणि एक वॉचमन गोबी एवढे मासे पुरेसे आहेत. खाडीतल्या निवटीचा हा दूरचा नातलग गोबी पिस्टल कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतो : दृष्टी अधू असलेली कोळंबी बीळ उकरते, बाहेर येताना आपली मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते, आणि धोका दिसताच गोबीने शेपूट हलवली की दोघेही आत शिरतात. फायरफिश घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, त्यामुळे टाकीवर बारीक जाळीचे झाकण हवेच. बुजरे मासे आधी आणि प्रदेश राखणारे शेवटी, या क्रमाने फायरफिश व गोबी प्रथम, मग ग्रामा आणि सर्वांत शेवटी क्लाउनफिश सोडावेत. दोन खेपांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवावे, म्हणजे वाढलेला भार जिवाणूंना पेलतो. नव्या माशाला सुरुवातीचे काही दिवस छिद्रे असलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात टाकीतच ठेवावे, आणि जुने मासे डब्यावर धडका मारण्याचे थांबले की दिवे मालवल्यानंतर त्याला मोकळे करावे.