लिनक्स सुरू होताना अडकते तेव्हा

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होताना मध्येच थांबला, तर बहुतेक वेळा काही मोडलेले नसते. तो कशाची तरी वाट पाहत असतो. ज्या हार्डवेअरची वाट पाहतो, ते पुष्कळदा त्या संगणकात मुळात बसवलेलेच नसते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरना अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकण्याचा विचार वाढला आहे. मोडनिंबसारख्या महामार्गावरच्या बाजारगावात झेरॉक्सचे दुकान किंवा दूध संकलन केंद्र चालवणाऱ्याने चालता संगणक भंगारात का काढावा? पण सुरुवातीलाच पडदा काळा होऊन बसला, की चांगले यंत्रही निकामी ठरवले जाते.

बटण दाबल्यावर आधी ग्रब हा छोटा प्रोग्रॅम कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत आणतो. कर्नल सिस्टमडीला जागे करतो आणि सिस्टमडी एकेक सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम, सुरू करतो. लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये आणलेला सिस्टमडी आज बहुतेक प्रमुख डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांमध्ये, आहे. डेबियन या डिस्ट्रोने तो २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून मुख्य म्हणून घेतला.

डिस्ट्रो बांधणाऱ्यांना ती कोणत्या यंत्रावर जाणार हे ठाऊक नसते. म्हणून मोडेम, ब्लूटूथ, स्मार्टकार्ड, एकत्र जोडलेल्या डिस्का अशा अनेक गोष्टींच्या सर्व्हिसेस आधीच भरून ठेवलेल्या असतात. एकाच स्टोरेजकडे अनेक वाटांनी जाणारी मल्टिपाथ सोय डेटा सेंटरसाठी आहे. दुकानातल्या एका डिस्कच्या संगणकाला तिचा काही उपयोग नाही. एखादी सर्व्हिस ठरल्या वेळेत उठली नाही, तर सिस्टमडी सहसा ९० सेकंद थांबतो आणि मग तिला सोडून पुढे जातो. म्हणून पडदा अडकलेला दिसला तरी दोन-तीन मिनिटे बटणाला हात लावू नये.

यंत्र खरोखर गोठणे हा वेगळा आणि जास्त वाईट प्रकार. त्याचे जुने, प्रसिद्ध उदाहरण पीसीएमसीआयए या लॅपटॉपच्या कार्ड-खाचेचे. त्या काळातले बरेच हार्डवेअर स्वतःची ओळख सांगत नसे, म्हणून सॉफ्टवेअरला ठरावीक पत्ते एकामागून एक चाचपून पाहावे लागत. अशा पत्त्यावर दुसरीच एखादी चिप असली, की नुसत्या चाचपणीनेही सारे यंत्र ठप्प होई. डेलच्या काही लॅपटॉपवर असे होते म्हणून डेबियनच्या इन्स्टॉलेशन पुस्तिकेत ही तपासणी बंद ठेवण्याचा पर्याय खास नोंदवलेला होता. खाच वापरायचीच नसेल, तर तिची सर्व्हिस बंद करणे हाच पुरेसा इलाज होता.

वाट पाहणे आणि गोठणे यांतला फरक ओळखायला कीबोर्डवरचे नम लॉक दाबून पाहावे. दिवा लागत-विझत असेल तर कर्नल बहुधा जिवंत आहे. मग कंपनीचे चिन्ह दाखवणारा पडदा बाजूला करायचा: सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी आणायची, ई दाबून 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द खोडायचे आणि एफ १० दाबायचे. हा बदल तेवढ्या वेळेपुरताच राहतो. आता प्रत्येक टप्पा अक्षरांत दिसतो. अडकलेल्या क्षणाचा मोबाइलने फोटो घ्यावा, कारण वीजच तोडली तर शेवटच्या ओळी डिस्कवर पोचलेल्या नसतात. मात्र शेवटची ओळ म्हणजेच गुन्हेगार असे धरू नये. सर्व्हिसेस एकाच वेळी सुरू होत असतात, आणि अडलेली सर्व्हिस दोन-चार ओळी वरही असू शकते.

संगणक उशिरा का होईना उघडत असेल, तर 'सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम' ही आज्ञा कोणी किती वेळ घेतला ते सांगते. त्या यादीत वर असलेली सर्व्हिस इतरांना अडवतेच असे नाही. खरी साखळी पाहायला त्याच आज्ञेचा 'क्रिटिकल-चेन' प्रकार वापरावा. अजिबात उघडत नसेल, तर ग्रबच्या त्याच ओळीच्या शेवटी 'सिस्टमडी डॉट मास्क' लिहून बरोबरच्या चिन्हापुढे संशयित सर्व्हिसचे नाव द्यावे. तेवढ्या एका वेळी ती वगळली जाते आणि संशय खरा की खोटा ते कळते.

खात्री पटल्यावर 'सिस्टमसीटीएल डिसेबल'ने सर्व्हिस बंद करावी. तरीही दुसरी एखादी सर्व्हिस तिला उठवत असेल, तर 'मास्क' वापरावे; 'अनमास्क'ने ते मागे घेता येते. एका वेळी एकच सर्व्हिस बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते समजत नाही. पॅकेज काढून टाकण्याची घाई नको. हार्डवेअर ओळखणारा युडेव्ह आणि प्रोग्रॅमांतले निरोप पोचवणारी डी-बस यांना हात लावू नये, आणि डिस्क एलव्हीएमने विभागलेली असेल तर तिच्या सर्व्हिसेसनाही नाही.

मोडेमसाठीच्या मोडेममॅनेजर या सर्व्हिसचा प्रश्न संगणक उघडल्यानंतरही उरतो. मोडेम शोधण्यासाठी ती सिरियल पोर्टवर आज्ञा पाठवून पाहतो. दूध केंद्रातला वजनकाटा किंवा फॅट मोजण्याचे यंत्र याच प्रकारच्या केबलने जोडलेले असले, तर त्याच्या संवादात व्यत्यय येऊ शकतो. नव्या आवृत्त्यांनी ही चाचपणी बरीच आवरली आहे, पण सिमचे डोंगल वापरात नसेल तर ती सर्व्हिस ठेवण्याचे कारणच नाही.

कधीकधी सर्व्हिस निर्दोष असते आणि दोष कोणत्या डिस्क जोडायच्या हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधल्या एखाद्या ओळीचा निघतो. काढून टाकलेल्या हार्ड डिस्कची नोंद तिथे राहिली, तर संगणक दर वेळी ९० सेकंद तिची वाट पाहतो आणि मग दुरुस्तीच्या पडद्यावर थांबतो. ती ओळ काढावी. डिस्क अधूनमधून जोडली जात असेल, तर 'नोफेल' हा शब्द त्या ओळीतल्या पर्यायांत घालावा.