केदारनाथाच्या वाटेवरील मुक्काम

गढवाल हिमालयात मंदाकिनी नदीच्या उगमाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८३ मीटर उंचीवर असलेले केदारनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक होय. या क्षेत्राच्या माहात्म्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तेथे नेणाऱ्या वाटेची रचना हाही स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. यात्रेकरूने किती चालावे व कोठे थांबावे याची जी व्यवस्था परंपरेने सिद्ध झाली होती, तिच्यात उंच प्रदेशात शिरणाऱ्या शरीराची सोयही आपोआप साधली जात होती.

मोटररस्ते होण्यापूर्वी ही यात्रा हरिद्वार वा ऋषिकेश येथून पायी होत असे. वाटेत दर काही मैलांवर ‘चट्टी’ असे. चट्टी म्हणजे प्रवाशांना उतरण्यासाठी उभारलेली साधी पडवी व तिला जोडून असलेले दुकान. दुकानातून पीठ, तांदूळ, तूप घेणाऱ्यास निवारा व स्वयंपाकाची भांडी निराळे भाडे न देता मिळत. ऋषिकेशची उंची चारशे मीटरांहूनही कमी आहे. तेथून मुक्कामामागून मुक्काम करीत चढणाऱ्या यात्रेकरूस केदारनाथास पोहोचेपर्यंत कित्येक दिवस लागत.

या संथपणाचे महत्त्व शरीरशास्त्राच्या दृष्टीने स्पष्ट होते. साडेतीन हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे दोनतृतीयांश असतो, व त्या प्रमाणात श्वासागणिक मिळणारा प्राणवायू कमी होतो. अशा उंचीवर एकाएकी गेल्यास डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश हे विकार उद्भवतात. क्वचित फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साचून प्राणावर बेतते. म्हणूनच ३,००० मीटरांच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते.

१९६२ च्या चीनयुद्धानंतर गढवालात मोटररस्ते झपाट्याने वाढले आणि चट्ट्या ओस पडल्या. पायी वाट गौरीकुंडापासून पुढे १४ किलोमीटर तेवढी उरली. तथापि एवढ्या अंतरात सुमारे १,६०० मीटरांची चढण आहे. तिच्या मध्यावर रामबाडा हे विसाव्याचे ठिकाण होते. जून २०१३ मध्ये अतिवृष्टी होऊन १७ तारखेस चोराबाडी सरोवराचा बांध फुटला, तेव्हा मंदिराच्या मागे अडकलेल्या प्रचंड शिळेने प्रवाह दुभंगून मंदिर वाचले. रामबाडा मात्र समूळ वाहून गेला. त्यानंतर वरच्या टप्प्यासाठी नदीच्या पलीकडच्या तीरावरून नवी वाट काढण्यात आली. ती अधिक लांब असून तिच्यावर लिंचोली येथे नवा थांबा वसला आहे.

जुन्या क्रमाची खूण देवाच्या पालखीत मात्र टिकून आहे. भाऊबिजेस मंदिर बंद झाल्यावर केदारनाथाची उत्सवमूर्ती उखीमठास येते व हिवाळाभर तिची पूजा तेथेच होते. वैशाखात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परत जाताना पालखी गुप्तकाशी, फाटा, गौरीकुंड असे मुक्काम करीत चढते. तिच्यासोबतचे भोई व पुजारी डोंगरातच राहणारे असूनही देवाच्या प्रवासाची गती बदललेली नाही. याउलट सखल प्रदेशातून आलेला यात्रेकरू हेलिकॉप्टरने काही मिनिटांत तेथे उतरतो.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटर लांबीच्या रज्जुमार्गास मंजुरी दिली. त्यामुळे आठनऊ तासांची चढण सुमारे ३६ मिनिटांवर येईल, असा अंदाज आहे. वृद्ध व अपंग यात्रेकरूंस याचा लाभ होईल, यात शंका नाही. परंतु वाट आखडली तरी शरीराला उंचीशी जुळवून घेण्यास लागणारा काळ आखडत नाही. तो काळ पूर्वी चट्ट्यांमुळे अनायासे मिळत असे; यापुढे तो योजनापूर्वक द्यावा लागेल. खालच्या गावी एकदोन रात्रींचा मुक्काम व वर जाण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी, हे नव्या यात्रामार्गाचे अंग मानले गेले, तरच जुन्या वाटेचे शहाणपण नव्या साधनांबरोबर टिकून राहील.