इफ्तारला गार सुंगटा

मार्चमधल्या रमजानात मालवणला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. दावत असेल तर पाहुणे सहापासूनच यायला लागतात आणि स्वयंपाकघरातली खरी धावपळ त्या पाऊण तासातच होते. एका शेगडीवर भज्यांची कढई, दुसरीवर रस्सा, ओट्यावर कापलेली फळे. तेलाच्या वाफेत उभी असलेली घरची बाई पहाटेपासून पाण्याचा घोटही न घेतलेली. अजान होते, सगळे खजूर उचलतात, आणि ती मात्र शेवटचा घाणा काढत असते. इफ्तारच्या दावतीची वर्णने खूप होतात, तिच्या या बाजूबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

म्हणूनच गार कोळंबी. मालवणीत बोलायचे तर गार सुंगटा. दुपारीच उकडून, थंड करून झाकून ठेवायची, सोबतची चटणीही तेव्हाच वाटून ठेवायची. मगरीबच्या वेळी शेगडीकडे बघावे लागत नाही. घरातल्या प्रत्येकाला अजानच्या वेळी दस्तरखानवर बसता येते.

कोळंबी थंड खाण्याची रीत तशी इथली नाही. मालवणी माणसाला सुंगटा हवीत ती गरम, वाटणात शिजलेली किंवा रवा लावून तव्यावर तळलेली. उकडलेली कोळंबी बर्फावर मांडून टोमॅटोच्या आंबटतिखट सॉसबरोबर देण्याची पद्धत अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या हॉटेलांची. कोकणातल्या मुस्लिम घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजावर गेली, नंतर आखातात गेली. तिकडच्या हॉटेलांत आणि जहाजांवरच्या भटारखान्यांत हा पदार्थ रोजचाच. सुट्टीवर आलेल्या एखाद्याने घरी करून दाखवला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, ‘ही कच्ची तर नाही ना?’ दुसऱ्यांदा मात्र तोच माणूस बशी पुढे करतो.

परदेशी पद्धतीच्या सॉसमध्ये ठसका आणण्यासाठी एक तिखट मूळ किसून घालतात. ते आपल्याकडे मिळत नाही आणि मिळण्याची गरजही नाही. त्याचा नाकात जाणारा झणका ज्या जातीच्या द्रव्यांमुळे येतो, तीच द्रव्ये मोहरीतही असतात. आपल्या आज्या लोणच्यासाठी मोहरी फेसतात, तीच इथे चालते. आंबटपणासाठी व्हिनेगर नको, घरात आगळ आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या कोकमाची बरणी फळीवर असताना बाहेरची बाटली आणून तिच्या लेबलावरचे बारीक अक्षर वाचत बसण्यात काय अर्थ?

चटणी अशी. तीन लाल टोमॅटो विस्तवावर किंवा गॅसवर भाजून साल काढायची. त्यात चार लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, सुपारीएवढा गूळ आणि दोन चमचे आगळ घालून जाडसर वाटायचे. एक चमचा मोहरी थोड्या पाण्यात फेसून शेवटी मिसळायची. मीठ आधी अजिबात नाही. आगळात ते भरपूर असते.

मिठाचा प्रश्न रमजानात साधा नाही. रोजेदार बाई चव बघणार कशी? खरीच गरज असेल तर जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकून टाकण्याची मोकळीक फकीहांनी दिली आहे. घशाखाली काही उतरता कामा नये. विनाकारण चाखणे मकरूह. बहुतेक घरांतल्या बायका ही मोकळीकही घेत नाहीत. रोजा नसलेल्या लहान मुलाच्या तळहातावर थेंबभर ठेवतात आणि त्याचा चेहरा बघतात. पण गार पदार्थात मुलाची जीभही फसवते, कारण थंड झाल्यावर मीठ कमी लागते. तेव्हा इथे हाताच्या अंदाजापेक्षा माप बरे. दोन लिटर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ. त्यात अर्धे लिंबू, ठेचलेले आले, चार मिरी. पाणी खारट वाटले पाहिजे. कोळंबी त्यात दोन-तीन मिनिटेच असते, तेवढ्यात लागेल तेवढे मीठ ती घेते.

आठ-दहा पाहुण्यांना सुरुवातीला देण्यासाठी मध्यम आकाराची किलोभर कोळंबी पुरते. साफ केल्यावर ती जेमतेम अर्धी उरते, हे धरूनच वाटे घ्यावेत. डोके घट्ट चिकटलेले, कवच चकचकीत आणि वास समुद्राचा हवा. नाकाला झोंबणारा वास आला तर मासेवाली कितीही ओळखीची असली तरी पुढे जायचे. रोज्यात जीभ बंद असली तरी नाक उघडे असते! डोके आणि कवच काढायचे, शेपूट ठेवायची म्हणजे धरून बुडवता येते. पाठीला चीर देऊन काळा धागा काढायचा.

पाणी खळखळले की कोळंबी आत, आणि नजर हलवायची नाही. करडा रंग जाऊन गुलाबी-पांढरा आला आणि ती चंद्रकोरीसारखी वळली की झाली. पूर्ण वाटोळी झाली तर रबर. लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, पाच मिनिटांनी काढून फडक्यावर कोरडी करायची. पाण्यात तासभर राहिली तर चव पाण्याला जाते. मग झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये, कच्च्या मासळीपासून दूर. दुपारी वीज गेली तर डबा बर्फाच्या घमेल्यात ठेवावा. उकडलेली कोळंबी बाहेरच्या उकाड्यात तासाभराहून जास्त राहू देऊ नये. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटाला शिळी कोळंबी फार महागात पडते. ताट अजानच्या आधी मांडून ठेवायची हौसही नको. खजूर आणि पाणी होऊ द्यावे, मग डबा उघडावा.

हा पदार्थ रमजानात करता येतो, हेही वर्षावर अवलंबून आहे. हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. 2017 साली रमजान मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाला आणि बहुतेक सगळा जूनमध्ये गेला. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या वर्षी इफ्तारला उन्हाळ्यात सुकवलेले सोडे होते. आता पुन्हा रमजान ऐन मासळीच्या दिवसांत आला आहे, तेवढ्यात हौस भागवून घ्यावी.

मात्र बाजारात जाण्याआधी एक काम असते, ते म्हणजे पाहुण्यांना विचारणे.

कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई मसलकाचे. अरबी व्यापाऱ्यांबरोबर आलेली ही परंपरा केरळ, भटकळपासून इंडोनेशियापर्यंत समुद्राच्या काठाने पसरली. शाफईंना समुद्रातले जवळजवळ सगळेच हलाल. 1880 च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये दालदी या मुस्लिम मच्छीमारांची नोंद आहे, तेव्हा मालवण त्याच जिल्ह्यात होते. अशा किनाऱ्यावर कोळंबी खावी की नाही, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. घाटावरचे बहुसंख्य मुस्लिम मात्र हनफी. हनफी मसलकात पाण्यातल्या प्राण्यांपैकी मासा तेवढा हलाल. मग कोळंबी मासा आहे का? यावर त्यांच्याच उलेमांत जुना मतभेद आहे. मौलाना अशरफ अली थानवींनी ती जायज मानली, इतर काहींनी टाळावी असे सांगितले. कोल्हापूर-बेळगावकडची सोयरीक जुळलेल्या घरांत हा प्रश्न थेट दस्तरखानवर येऊन बसतो. नव्या जावयापुढे हौसेने ताट ठेवावे आणि त्याने हात आखडता घ्यावा, त्यात दोघांचीही पंचाईत. तो नाही म्हणू शकत नाही, सासूला कारण कळत नाही. ‘आमच्यात चालतं, खा’ असा आग्रह तर मुळीच करू नये. एक फोन आदल्या दिवशी केला की भागते. त्याच्यासाठी सुरमईचे चार तुकडे तव्यावर परतून ठेवता येतात. सुरमईबद्दल कुणाचाच वाद नाही.

इफ्तारला शेजारचे हिंदू येतात. सोमवार असेल, संकष्टी असेल तर त्यांच्यातले बरेच जण मासळीला शिवत नाहीत. एखाद्याला कवचाच्या मासळीने अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो. त्यांच्यासाठी उकडलेली कणगी, काकडीचे लांब तुकडे, भाजलेला पापड. चटणी मात्र सगळ्यांना तीच. टोमॅटो, आगळ, मोहरी, गूळ, यात कुणाला नको असे काही नाही. फक्त ती वाट्यांत आधीच वेगळी काढावी. कोळंबी बुडवलेली वाटी फिरत फिरत सोमवार पाळणाऱ्या काकांपुढे गेली, तर विचारपूस करूनही व्यर्थ.

डोकी आणि कवचे टाकू नयेत. मीठ, हळद घालून वीस मिनिटे उकळून गाळलेले पाणी बरणीत भरून ठेवावे. सहेरीला त्यात भात शिजवला की घरच्यांची सोय होते. पाहुण्यांसाठी आणलेल्या कोळंबीतले त्यांच्या वाट्याला बहुतेकदा तेवढेच उरलेले असते.