गढूळ पाणी निवळते कसे?

आमच्या वळसंगात काळी माती. पहिला पाऊस पडला की विहिरीचं पाणी चहासारखं व्हायचं. अम्मा हंड्यात तुरटीचा खडा तीन-चार वेळा फिरवायची आणि दटावायची, "हिलाव नक्को, बैठने दे."

फडक्यानं गाळून भागत नसे. मातीचे कण इतके बारीक, की ते आरपार जातात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनिअम धन भाराचं. ते हा दुरावा मोडतं. कण एकत्र येतात, जड होतात, तळाशी बसतात. विलायतेत बिअरसुद्धा याच तऱ्हेनं न गाळता निवळतात. तिथे माशाच्या फुग्यातलं आयसिंग्लास घालतात. (हे मी वाचूनच सांगतोय!) आपल्याकडे निवळीचं बी भांड्याला आतून घासत, सुश्रुतसंहितेत ते 'कतक' म्हणून येतं.

एका पावसाळ्यात असंच नितळ पाणी पिऊन धाकट्या भावाला जुलाब लागले. दोन दिवस सलाइनवर होता. अम्मा सारखी म्हणे, "पानी तो साफ था." दिसायला साफ होतं. तुरटीनं काही जंतू गाळाबरोबर खाली बसतात, सगळे नाहीत. तेव्हा वरचं पाणी अलगद ओतून घ्यावं आणि खळखळून उकळावं, किंवा मेडिक्लोर टाकून अर्धा तास थांबावं. क्रम उलटा नको; गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीवरच खर्ची पडतं.

त्या वर्षापासून निवळलेला हंडा रोज संध्याकाळी आमच्या चुलीवर चढू लागला.