मागे राहिलेला जबडा

आपला खालचा जबडा बोलताना, चावताना, जांभई देताना सारखा हलत असतो. वरचा जबडा मात्र कवटीस घट्ट जडलेला आहे. असे असूनही तो कवटीपासून सुटा करून पुढे आणता येतो, आणि नव्या जागी तो जिवंत राहतो, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

याची गरज कोणास पडते? जन्मतःच टाळू दुभंगलेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. अशा मुलाची टाळू बहुधा वर्षा-दीड वर्षाच्या सुमारास शिवतात. ती न शिवावी तर दूध नाकात येते, बोल उमटत नाहीत. परंतु शिवलेल्या जागी राहणारा व्रण ताठर असतो, व तो वरच्या जबड्याच्या वाढीस आवर घालू शकतो. खालचा जबडा आपल्या गतीने वाढत जातो. मग ऐन पौगंडावस्थेत चेहऱ्याचा मध्यभाग खोल गेल्यासारखा दिसतो, वरचे दात खालच्या दातांच्या मागे पडतात, घास नीट तुटत नाही. आईबाप दैवास बोल लावतात आणि मूल आरसा टाळू लागते.

यावरील उपायाचा मार्ग अपघातांच्या अभ्यासातून निघाला. १९०१ साली फ्रान्समधील शल्यवैद्य रेने ल फोर यांनी मृतांच्या मस्तकांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर फुटतात हे पाहिले. सर्वांत खालची रेषा दातांच्या मुळांवरून, नाकाच्या तळाशी आडवी जाते. तीच रेषा पुढे शल्यवैद्यांनी छेदासाठी निवडली. जर्मनीत मार्टिन वासमुंड यांनी १९२७ साली तसा छेद घेतला. पण जबडा पुरता मोकळा करण्याचे त्यांनी टाळले. भीती होती ती रक्तपुरवठ्याची. हाड चोहोकडून तोडल्यावर ते जगणार कशावर? १९६० नंतरच्या दशकात झुरिचच्या ह्यूगो ओब्वेगेसर यांनी जबडा पूर्ण मोकळा करण्याची रीत रूढ केली, आणि अमेरिकेत विल्यम बेल यांनी माकडांवरील प्रयोगांनी तिचे रहस्य उकलले. पानास देठ, तशी या हाडास टाळूची व मागील हिरडीची मऊ त्वचा. ती शाबूत ठेवली की रक्त पोहोचत राहते.

दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आणि दिल्ली दरवाजाजवळील मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेत असे रुग्ण येतात. शस्त्रक्रियेची घाई तेथे कोणी करीत नाही. हाडांची वाढ थांबेपर्यंत बहुधा वाट पाहतात. तत्पूर्वी कित्येक महिने तारा बांधून दात आपापल्या जबड्यात सरळ करतात. या काळात व्यंग कमी होण्याऐवजी अधिकच उघडे पडते! घरच्यांचा धीर सुटण्याचा संभव येथेच फार. वास्तविक हे पूर्वतयारीचे लक्षण आहे.

छेद ओठाच्या आतून घेतात, म्हणून चेहऱ्यावर व्रण राहत नाही. जबडा ठरल्याप्रमाणे पुढे आणून टायटेनियमच्या बारीक पट्ट्यांनी जखडतात. काही आठवडे पातळ व मऊ अन्न घ्यावे लागते. वरचा ओठ व गाल बधिर राहतात, आणि ही बधिरता बहुधा हळूहळू ओसरते. जबडा फारच मागे असेल तर तो एकदम न ओढता यंत्राच्या साहाय्याने रोज सुमारे १ मिलिमीटर असा सरकवितात.

एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्यावी. शिवलेली टाळू जबड्याबरोबर पुढे गेली की घशाच्या मागील भिंतीपासूनचे तिचे अंतर वाढते, आणि काही रुग्णांच्या बोलण्यात नाकातला सूर वाढतो. म्हणून वाचातज्ज्ञांकडून आवाजाची परीक्षा शस्त्रक्रियेपूर्वीच करून घेतात, व पुढे गरज भासल्यास टाळूवर निराळी शस्त्रक्रिया करतात.